पिस्ता रंगाचं दुपटं

मैत्रिणींनो, गल्लीतल्या सगळ्यांनो, आणि सना, तू.

तुम्ही आलात. सतरंज्या कमी पडल्या तरी कुणी परत गेलं नाही. मागे दारात उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल की नाही, माहीत नाही. आज माझा आवाज मोठा निघणार नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून मला आधी बोलायला सांगितलं. हिला शब्द सापडतील, असं तुम्हाला वाटलं असेल. काल मी चार कागद लिहिले होते. ते घरी ठेवून आलेय. नजमाबद्दल त्यांत जे होतं ते सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट त्यांत नव्हती. तीच सांगायला उभी राहिलेय. सांगून होईपर्यंत मला थांबवू नका. मला रडू आलं तरी थांबवू नका. कुणी पाणी आणून देऊ नका.

नजमा गेली त्याला आज बारा दिवस झाले. तिची मुलगी सना इथे पुढे बसली आहे. तिला सातवा महिना आहे. उद्या सकाळच्या गाडीने ती पुण्याला जाणार. आज सकाळी तिने मला पुन्हा विचारलं, "मावशी, ते दुपटं?"

मी म्हणाले, "देते."

तिसऱ्या दिवसापासून मी "देते" म्हणते आहे. सना, ते दुपटं माझ्याकडे नाही. ते कुठेच नाही. का नाही, ते सांगते.

पण आधी नजमा कोण होती, ते सांगावं लागेल. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

वीस वर्षांपूर्वी आम्ही नवीन जालन्यात, स्टेशनमागच्या या गल्लीत राहायला आलो. नजमाचं घर आमच्या समोर. मध्ये रस्ता. रस्त्याच्या त्या बाजूला विजेचा एक डीपी, या बाजूला दुसरा. म्हणजे तिच्याकडची लाइट गेली की आमच्याकडची असायची. आमची गेली की तिची असायची. महिनाभर आम्ही एकमेकींना नुसतं बघत होतो. एका दुपारी दार वाजलं. दारात नजमा. दोन्ही हातांत फडकं आणि फडक्यात गोल ओव्हन. झाकणाला काचेची खिडकी असते ना, तो. वायर खाली लोंबत होती. अंगणातून रस्ता ओलांडून ती तो गरम ओव्हन तसाच घेऊन आली होती.

"बाई, तुमच्याकडं लाइट हाय ना? जल्दी सांगा. माझा केक बसून राह्यला."

मी प्लगकडे बोट दाखवलं. तिने वायर लावली आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसली. कमरेला पिशवी होती, तिच्यातून सुया काढल्या आणि विणायला लागली. डोळे ओव्हनच्या खिडकीवर. हात खाली आपापले चालले होते. सुयांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी पेपर तपासत होते. अर्धा तास आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नाही.

केक मधून खचलाच होता. तिने कापला, पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "बसलेला हाय. पण कच्चा न्हाई. खा."

त्यानंतर वीस वर्षं ती ओव्हन घेऊन रस्ता ओलांडत राहिली. कधी मी तिकडे जायचे, पिठाचं भांडं घेऊन. माझा केक कधीच नीट झाला नाही. तिचा निम्म्या वेळा झाला. लोकांना वाटतं ती फार सुगरण होती. ती सुगरण नव्हती. तिला करत राहायला आवडायचं, एवढंच.

मग तिच्या व्हरांड्यात दुपारची बैठक सुरू झाली. दोन ते चार. आधी तिघी होतो, मग आठ झालो. कुणी मफलर, कुणी टोपरं, कुणी नुसतीच चौकटी पट्टी, कशाची ते स्वतःलाही माहीत नाही. इथे थंडी दीड महिना पडते आणि आम्ही बाराही महिने लोकर विणायचो. बैठकीतल्या या विमलताई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "जालन्यात स्वेटर घालणार कोण? इथं तर माणूस जानेवारीतच वितळून राह्यला."

नजमा म्हणाली, "घालायला कोण विणतंय? हात रिकामे ठिवले की नुसतं तोंड चालतं आपलं."

विमलताई भोकरदनच्या. अंडं खात नाहीत. म्हणून नजमा दोन डबे करायची. एक अंड्याचा केक, एक बिनअंड्याचा. बिनअंड्याच्या डब्याच्या कडीला हिरव्या लोकरीचा धागा बांधायची. कित्येक वर्षं तो धागा कधी चुकला नाही. एकदा चुकला. धुताना सुटला असेल. विमलताईंनी अंड्याच्या केकचे तीन तुकडे खाल्ले, पिशवी उचलली आणि घरी गेल्या. इकडे नजमाने दुसरा डबा उघडला आणि तिला कळलं. आम्ही म्हणालो, राहू दे, त्यांना कुठं कळलंय? तिने आमच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. चप्पल न घालता निघाली. मी मागे गेले. विमलताई अजून कुलूप उघडत होत्या.

"विमल, मोठी चूक झाली माझ्याकडून. त्यात अंडं होतं. सांगायला आले. आता काय बोलायचं ते बोल."

विमलताईंनी आधी कुलूप काढलं. मग म्हणाल्या, "तीन तर गेलेच पोटात. चौथा आणला का?"

तुम्ही हसलात. नजमाही हसली होती, पण घरी आल्यावर. तिथे दारात ती हसली नव्हती. ती वाट बघत उभी होती. काय ऐकावं लागेल ते ऐकायला उभी होती. मी तिचा चेहरा पाहिलाय.

हे लक्षात ठेवा. चूक सांगायला नजमाला दहा मिनिटं लागली. मला बारा दिवस लागले.

आता विणण्याचं. नजमाचा एकच नियम होता. विणीत चूक दिसली की उसवायचं. चूक पाच ओळी खाली असेल तर पाच ओळी. पन्नास ओळी खाली असेल तर पन्नास. आपण काकुळतीला यायचो. मी म्हणायचे, कुणाला दिसणारे एवढं? ती म्हणायची, "उसव." मी म्हणायचे, महिना गेला गं माझा. ती म्हणायची, "बिलकुल उसव. रडू नको, उसव." तिच्यासमोर बसून मी किती मफलर उसवले असतील. माझा हात सैल आहे. टाके गळतात. तिचा हात घट्ट. तिच्या पट्टीवर अंगठा फिरवला की कळायचं.

ती आजारी पडली तेही तुम्हाला माहीत आहे. संभाजीनगरच्या दवाखान्याच्या खेपा माहीत आहेत. सनाला पाचवा महिना लागला तेव्हा नजमाने लोकर आणायला मला पाठवलं. रंग तिनेच सांगितला होता. "गुलाबी नको, निळा नको. पिस्ता आण." मी पिस्ता आणला. ऐंशी टाके घातले तिने. दुपटं. माझ्या समोर घातले.

दवाखान्यात ती विणायची. मी आठवड्यातून दोनदा जायचे. तिच्या हातात सुया असायच्या आणि ती सुयांकडे बघत असायची. टक लावून, डोळे बारीक करून. मी हे पाहिलं. वीस वर्षं जी बाई हाताकडे न बघता विणत होती, ती प्रत्येक टाका बघून घेत होती. मला काय वाटलं? मला वाटलं, नातवंडासाठी आहे म्हणून जपून करते आहे.

मी शिकवते. समोर आहे ते नीट वाचा, म्हणून मुलांना सांगते. तीस वर्षं सांगते आहे.

शेवटच्या गुरुवारी मी निघताना तिने पिशवी माझ्याकडे दिली. म्हणाली, "बाई, हे घरी ने. इथं हरवंल. टाके सुटू देऊ नको." एवढंच म्हणाली. पुरं कर म्हणाली नाही. नीट कर म्हणाली नाही. टाके सुटू देऊ नको.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी पिशवी उघडली. बैठकीची वेळ होती. व्हरांडा बंद होता, म्हणून माझ्या खाटेवर बसले. वाटलं, दोन ओळी विणून ठेवाव्यात. दुपटं पसरलं. सातव्या ओळीत एक टाका सुटलेला होता. तिथून खालच्या कडेपर्यंत बारीक शिडी गेली होती. मी सुईवरचे टाके मोजले. ऐंशी हवे होते. त्र्याहत्तर होते. म्हणजे वर आणखीही चुका होत्या.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत झालंय हे. ती घरी येईल, हे बघेल आणि तिला वाईट वाटेल. त्याआधी आपण नीट करून ठेवू. तिला कळणारही नाही. आणि मला तिचाच आवाज ऐकू आला. उसव. बिलकुल उसव.

चूक सातव्या ओळीत होती. म्हणजे सगळंच.

मी सुई काढली आणि धागा ओढला.

चांगलं वाटलं मला. हे सांगायला हवं. तिची आज्ञा पाळते आहे असं वाटलं. धागा टकटक करत सुटत होता आणि मी गुंडाळत होते. तिने दीड महिना विणलं होतं. मला वीस मिनिटं लागली. दोन गुंडे झाले.

रविवारी सकाळी नजमा गेली.

तिसऱ्या दिवशी आपण सगळ्या तिच्या घरी बसलो होतो. सनाने मला जवळ बसवलं. सना, तू तेव्हा रडत रडत हसत होतीस, आठवतं? तू म्हणालीस, "मावशी, अम्मीच्या बोटांतली जान गेल्ती. औषधानं. सुई हातात हाय का न्हाई, कळत नव्हतं तिला. बघून बघून विणत होती. मी म्हटलं, अम्मी, चुकलंय बघ इथं. उसवत न्हाईस का? तर म्हणे, जागोजागी चुकलंय, मला म्हाईत हाय. राहू दे. लेकरू थोडंच टाके मोजणार हाय?"

आणि तू विचारलंस, "ते तुमच्याकडंच हाय ना?"

मी म्हणाले, "हो. नीट आहे."

ऐकलंत? तिला माहीत होतं. आयुष्यभर एक टाका न सोडणारी बाई. तिने सातव्या ओळीतली चूक पाहिली होती. पाहून पुढे विणत गेली. का? वेळ नव्हता तिच्याकडे. उसवायला वेळ नव्हता. तिने ते मान्य केलं होतं. मरण जवळ आलंय, हे तिने कुणाला तोंडाने सांगितलं नाही. तिथे लिहून ठेवलं होतं, सातव्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मी ते पुसून टाकलं. तिला वाईट वाटू नये म्हणून पुसून टाकलं.

मी काय करायला हवं होतं? त्याच क्षणी सांगायला हवं होतं. चप्पल न घालता. मी काय केलं, ऐका.

मी घरी आले आणि ऐंशी टाके घातले. त्याच लोकरीचे. तेच विणून सनाला द्यायचं, तुझ्या आईचं म्हणून. मी ठरवलं. मी शुद्धीवर होते. सकाळी विणलं, दुपारी विणलं. कॉलेजात सुटी टाकली आणि विणलं. सहा ओळी झाल्यावर थांबले. सातव्या ओळीत एक टाका मुद्दाम सोडला. तिने सोडला होता तिथेच.

पुढे काय? पुढच्या चुका कुठे होत्या? मला माहीत नव्हतं. मी त्या पाहिल्याच नव्हत्या. सात टाके कमी होते. एक मी पाहिला. बाकीचे सहा कोणत्या ओळीत गेले? डावीकडे की उजवीकडे? मी तेव्हा उसवत होते, बघत नव्हते. मग मी अंदाजाने टाके सोडू लागले. इथे एक. तिथे एक. तुम्ही समजू शकता का, मी काय करत होते? मेलेल्या मैत्रिणीच्या बोटांतली बधिरता मी माझ्या धडधाकट हातांनी करून बघत होते. जमत नाही. सैल हाताची चूक सैल दिसते. बधिर बोटांची चूक वेगळी असते. ती घट्ट असते. बधिर बोट धागा आवळतं, कारण त्याला कळत नाही पुरे झालं म्हणून.

विमलताई एका दुपारी आल्या. माझ्या मांडीवरचं पाहिलं.

"हे काय करून राह्यलीस?"

मी म्हणाले, "नजमाचं आहे. पुरं करते."

त्यांनी अंगठा फिरवला त्यावर. दोनदा फिरवला. म्हणाल्या, "बाई, हा हात नजमाचा न्हाई."

मी विणत राहिले. त्या चहा न घेता गेल्या. विमलताई, तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून मी रोज घाबरून दाराकडे बघत होते. तुम्ही सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला हे आज सगळ्यांपुढे बोलावं लागलं नसतं. पण मग मी सांगितलं नसतं. मी स्वतः सांगावं म्हणून तुम्ही थांबला होतात. मला ते आता कळतंय.

मैत्रिणींनो, मला समजावू नका. तुझा हेतू चांगला होता, असं म्हणू नका. हेतू चांगलाच होता. त्याने काय होतं? एक लेकरू येणार आहे. त्याच्या आजीने त्याच्यासाठी एकच वस्तू केली. ती या जगात दीड महिना होती. आता नाही. कितीही विणलं तरी ती होणार नाही. कुणीही विणलं तरी होणार नाही. हे दुरुस्त होणारं नाही. आजवर मला वाटायचं, उसवलं की पुन्हा विणता येतं. नजमानेच शिकवलं होतं. हे एक तिने शिकवलं नव्हतं.

सना, ही पिशवी बघ. तुझ्या आईचीच आहे, कमरेला बांधायची ती. आत दोन गोष्टी आहेत.

एक, सुईवरचं अर्धं दुपटं. ते माझं आहे. त्यातल्या चुका खोट्या आहेत. नेऊ नकोस, किंवा ने आणि जमीन पुसायला घे. तुझ्या बाळाला नानीचं म्हणून दाखवू नकोस.

दुसरी, एक गुंडा. उसवलेल्या दोनांपैकी हा राहिला. याला मी हात लावलेला नाही. तुम्हा बाकीच्यांना माहीत आहे, उसवलेली लोकर आपण धुतो, वजन बांधून वाळत घालतो, म्हणजे ती सरळ होते. हा मी धुतला नाही. सना, धागा थोडा सोडून बघ. सरळ नाहीये तो. सगळा वळणावळणाचा आहे, लहान मुलाच्या जावळासारखा. प्रत्येक वळण म्हणजे तुझ्या आईचा एक टाका. चुकलेल्यांतले काही टाकेही यात असतील कुठेतरी. कोणते ते मला ओळखता येत नाही. मी बसून पाहिलं. नाही ओळखता येत.

एवढंच उरलं आहे. याचं काय करायचं ते तू ठरव. यातून काही विण म्हणालीस तर मी विणणार नाही. विमलताईंना सांग. न विणता असाच ठेवते म्हणालीस तर पाणी लागू देऊ नकोस.

मला माफ कर, असं मी म्हणणार नाही. नजमा विमलताईंच्या दारात माफी मागत नव्हती. झालं ते तिने सांगितलं आणि ऐकायला उभी राहिली. मी उभी आहे. आता बोल, किंवा उद्या गाडी निघण्याआधी बोल, किंवा कधीच बोलू नकोस. मी समोरच राहते. रस्त्याच्या या बाजूला.

आता आपण शांत बसू.

घड्याळ लावू नका. ऐंशी टाक्यांची एक ओळ विणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. घट्ट हाताने विणायला. तो विमलताईंना बरोबर माहीत आहे. त्यांची ओळ संपली की त्या उठतील, मग आपण उठू.

सवयीने तुमच्यातल्या कितीतरी जणी सुया घेऊन आल्या आहेत. मला दिसतंय. त्या खाली ठेवा. हात मांडीवर ठेवा. रिकामे. नजमाला रिकामे हात बघवायचे नाहीत. आज तिच्यासाठी तेवढंच आहे आपल्याकडे.

डोळे मिटा. मनात मोजा. टाका चुकला तर मागे जाऊ नका.

पहिला टाका.